काचेसारख्या पाण्यात मासा जेवतो काय?

बालमित्रांनो, एक कोडं घालू का?

उंच डोंगरावर एक ओढा आहे. पाणी इतकं नितळ, की तळाचा एकेक गोटा मोजून घ्यावा. इतकं गार, की पाय बुडवला तर मिनिटभरात बधिर व्हावा. त्यात ना पाणगवत, ना शेवाळाचे झुपके, ना गाळ. ओंजळीत घेऊन पाहिलं, तर नुसतं पाणी! आणि तरीही एका मोठ्या दगडाआड, प्रवाहाकडे तोंड करून, अंगावर ठिपके असलेला वीतभर मासा शेपटी हलवत उभा आहे. चांगला धट्टाकट्टा आहे. आता सांगा, हा मासा जेवतो काय?

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "पाण्यातले किडे खात असेल." बरोबर! पण मग ते किडे काय खातात? इथे आपण अडतो. कारण किड्यांना खायला लागणारा हिरवा पाला त्या पाण्यात दिसतच नाही.

हे कोडं शास्त्रज्ञांनाही बराच काळ सुटत नव्हतं. ते सोडवण्यासाठी त्यांनी काय काय नाही केलं! ओढ्यावर जाळ्या ताणल्या, नदीत खत सोडलं, काठची झाडं तोडून पाहिली, पाण्यात ओंडके आडवे टाकले. या उद्योगांतून जे कळलं ते मोठं गमतीचं आहे, आणि थोडं काळजीचंही. चला तर मग!

पाहुण्या माशाची ओळख

या माशाचं नाव ट्राउट. ब्राउन ट्राउट हा मूळचा युरोपकडचा, तर अंगावर गुलाबी पट्टा मिरवणारा रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या आणि रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघांनाही थंड, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं.

आपल्या देशात ट्राउट आला तो पाहुणा म्हणून. काश्मीरमध्ये फ्रँक मिचेल नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. त्यांच्या खटपटीने १८९९ साली ब्रिटनहून ट्राउटची अंडी बोटीने निघाली, पण प्रवासातच सगळी मेली. १९०० साली पुन्हा प्रयत्न झाला आणि तो साधला. श्रीनगरजवळच्या हारवानला माशांची पैदास सुरू झाली. पुढे हिमाचल प्रदेशातल्या नद्यांत आणि दक्षिणेला निलगिरीच्या डोंगरातही ट्राउट पोचला. निलगिरीत अ‍ॅव्हलांच या ठिकाणी त्याचं उबवणी केंद्र आहे.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत मात्र ट्राउट नाही. कारण साधं आहे. आपलं पाणी त्याला फार उबदार पडतं.

श्रीमंत पाणी, गरीब पाणी

पाणीही श्रीमंत आणि गरीब असतं, हे ऐकून हसू नका हं!

शेतकरी पिकाला युरिया आणि सुपर फॉस्फेट का घालतो? पिकाला नत्र आणि स्फुरद मिळावं म्हणून. पाण्यातल्या वनस्पतींनाही हेच दोन पदार्थ लागतात. नदी जसजशी खाली वाहते, तसतशी ती मातीतून, शेतांतून, गावांतून हे पदार्थ गोळा करत जाते. सपाटीवरच्या तळ्याचं पाणी हिरवट दिसतं ना? ते श्रीमंत पाणी!

पण नदीचा जिथे उगम होतो, तिथला ओढा म्हणजे नुकतंच पडलेलं पावसाचं किंवा नुकतंच वितळलेलं बर्फाचं पाणी. त्याचा प्रवास अजून झालेलाच नाही. त्यातून तळाला ग्रॅनाइटसारखा टणक खडक असेल, तर त्यातून पाण्यात काही विरघळतही नाही. भरीला दोन्ही काठांवर दाट झाडी. ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही. खत नाही आणि ऊनही नाही, मग हिरवं काही उगवणार कसं? दगडांवर एक पातळसा बुळबुळीत थर धरतो, तेवढाच काय तो हिरवा माळवा.

अशा गरीब ओढ्यात एका वर्षात माशांची वाढ किती होते, म्हणजे नवं मांस किती तयार होतं, याला शास्त्रज्ञ 'उत्पादन' म्हणतात. हे उत्पादन कशाकशावर ठरतं, हाच आपला आजचा प्रश्न.

हिशोब जुळेना!

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन शहराजवळ होरोकिवी नावाचा ओढा आहे. रॅडवे अ‍ॅलन नावाच्या शास्त्रज्ञाने त्या ओढ्यातल्या ट्राउटचा बारकाईने हिशोब मांडला. मासे किती, ते किती वाढले, तेवढं वाढायला त्यांनी किती खाल्लं असेल, आणि ओढ्याच्या तळाशी किडे किती आहेत, असं सगळं त्याने मोजलं. १९५१ साली हा अभ्यास छापून आला आणि सगळे बुचकळ्यात पडले. माशांनी जेवढे किडे खाल्ले असायला हवेत, तेवढे किडे ओढ्यात दिसतच नव्हते! जमेपेक्षा खर्च कितीतरी जास्त. हे कोडं 'अ‍ॅलनचा विरोधाभास' म्हणून आजही प्रसिद्ध आहे.

हे कसं शक्य आहे? एक उदाहरण घेऊ. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फळीवर बिस्किटांचे वीस पुडे दिसतात. पण दुकानदार वर्षाला हजार पुडे विकतो. यात जादू आहे का? मुळीच नाही. माल येत राहतो आणि जात राहतो. फळीवर दिसतात ते त्या क्षणाचे वीस.

ओढ्यातल्या किड्यांचंही तसंच. मोजणी करताना दिसतात ते त्या दिवसाचे किडे. वर्षभरात त्यांच्या नव्या नव्या पिढ्या येत राहतात आणि मासे त्यांना खात राहतात. शिवाय पुष्कळ किडे तळाच्या वाळूगोट्यांच्या आत खोलवर लपलेले असतात. वरवर खरवडून मोजलं, तर ते हाती लागत नाहीत.

एवढ्याने हिशोब बराच जुळला. पण या दुकानात माल येतो कुठून, हा प्रश्न राहिलाच. आणि दुसरं म्हणजे, माशाला मिळणारं सगळंच जेवण या दुकानातलं असतं का?

पानांची भाकरी

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचं जंगल आहे. तिथल्या बेअर ब्रुक या छोट्या ओढ्याचा वर्षभराचा जमाखर्च स्टुअर्ट फिशर आणि जीन लायकन्स या दोघांनी मांडला. १९७३ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. ओढ्यात येणाऱ्या अन्नऊर्जेपैकी शंभरातले जवळजवळ नव्याण्णव भाग बाहेरून, म्हणजे भोवतालच्या जंगलातून येत होते! गळलेली पानं, काटक्या, पानांचा अर्क घेऊन झिरपणारं पाणी, हीच ओढ्याची शिदोरी. ओढ्याची स्वतःची कमाई जेमतेम एक भाग.

पण वाळकं पान खाऊन कुणाचं पोट भरतं? इथे एक गंमत आहे. पान पाण्यात पडलं की काही दिवसांत त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढू लागतात. पान म्हणजे कोरडी भाकरी, आणि ही बुरशी म्हणजे भाकरीवरचा लोण्याचा गोळा! पान कुरतडणारे किडे भाकरी खातात खरे, पण त्यांच्या अंगी लागतं ते मुख्यतः लोणी. स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय नावाच्या माश्यांची पिल्लं यात पटाईत. त्यांनी सांडलेला भुगा प्रवाहातून खाली जातो आणि तिथले दुसरे किडे तो गाळून खातात. आणि हे सगळे किडे खातो आपला ट्राउट.

हे खरंच असं आहे का, हे पाहायला ब्रूस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात कोवीटा नावाचं संशोधनाचं जंगल आहे. १९९३ साली तिथल्या एका चिमुकल्या ओढ्यावर त्यांनी जाळीचं छत घातलं आणि पानं आत पडूच दिली नाहीत. ओढ्याला घडवलेला उपासच म्हणा ना! तीन वर्षं हा उपास चालला. पानं खाणारे किडे घटले, आणि त्या किड्यांना खाऊन जगणारे शिकारी किडेही घटले. झाडाचं पान आणि शिकारी किडा यांची गाठ अशी पक्की बांधलेली आहे.

वरून पडणारं जेवण

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. माशाचं सगळं जेवण पाण्यातच तयार होतं का?

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे. तिथे तोमाकोमाइच्या जंगलातून होरोनाइ नावाचा ओढा वाहतो. शिगेरू नाकानो हे तिथे संशोधन करत. त्यांनीही ओढ्यावर जाळी घातली, पण त्यांचा हेतू वेगळा होता. काठच्या झाडांवरून सुरवंट, मुंग्या, भुंगे, कोळी सारखे टपाटप पाण्यात पडत असतात. ते पडले नाहीत तर काय होईल, हे त्यांना पाहायचं होतं.

काय झालं असेल? अंदाज करा बरं!

ओढ्यात डॉली वार्डन नावाचा ट्राउटच्याच कुळातला मासा होता. वरचं जेवण बंद झाल्यावर तो तळाच्या किड्यांवर तुटून पडला. किडे कमी झाले. मग किड्यांचं खाणं जे दगडावरचं शेवाळ, ते माजलं. म्हणजे झाडावरचा सुरवंट पाण्यात पडायचा थांबला, आणि पाण्याखालचा दगड हिरवा झाला! त्याच ओढ्यावर पुढे झालेल्या प्रयोगात तर असं दिसलं, की वरचं जेवण तोडलं की बरेचसे मासे तो भाग सोडून निघूनच जातात.

नाकानो आणि त्यांचे सहकारी मुराकामी यांनी मग सगळ्या वर्षाचा ताळेबंद मांडला. त्या ओढ्यातल्या माशांच्या वर्षभराच्या अन्नऊर्जेपैकी शंभरातले ४४ भाग जमिनीवरच्या किड्यांतून येत होते. आणि उलट बाजू बघा. ओढ्यातून पंख फुटून बाहेर उडणारे किडे काठचे पक्षी खात होते. पक्ष्यांच्या वर्षभराच्या गरजेतले सुमारे २६ भाग त्यातून भागत होते. वसंताच्या सुरुवातीला झाडं उघडीबोडकी असतात, तेव्हा पक्ष्यांना ओढा जेवू घालतो. उन्हाळ्यात ओढ्यात किडे कमी असतात, तेव्हा माशांना जंगल जेवू घालतं. शेजारीपाजारी वाटीने साखर देतात-घेतात ना, अगदी तसं!

हा ताळेबंद २००१ साली छापून आला. पण तो पाहायला नाकानो नव्हते. मार्च २००० मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात संशोधकांची बोट उलटली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. आज जगभर जिथे जिथे ओढ्याचा आणि जंगलाचा एकत्र अभ्यास होतो, तिथे त्यांचं नाव निघतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जपानमध्येच कीइ द्वीपकल्पात किरिकुची नावाचा एक दुर्मीळ मासा आहे, तोही ट्राउटच्या नात्यातला. तिथल्या जंगलात केसासारखा लांब, बारीक परजीवी जंत असतो. तो रातकिड्यांच्या आणि नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या पोटात वाढतो. पण अंडी घालायला त्याला पाणी लागतं. मग हा लबाड जंत काय करतो? किड्याचं डोकंच फिरवतो! एरवी पाण्यापासून लांब राहणारा किडा थेट ओढ्यात उडी घेतो. जंत बाहेर पडतो आणि किडा जातो माशाच्या पोटात. २०११ साली तकुया सातो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या माशाच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के ऊर्जा अशा उडी मारणाऱ्या किड्यांकडून येते. एका जंतामुळे माशाचं ताट भरतं!

खत घातलं तर?

तुमच्यातला एखादा चलाख मित्र म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? पाणी गरीब आहे ना, मग त्यात खत टाका की!"

हेही करून झालं आहे. अलास्काच्या उत्तरेला कुपारुक नावाची नदी आहे. तिथे झाडं नाहीत, उघडा माळ आहे, आणि उन्हाळ्यात चोवीस तास उजेड. म्हणजे उजेडाला तोटा नाही, तोटा स्फुरदाचा. १९८३ पासून शास्त्रज्ञांनी दर उन्हाळ्यात नदीत थेंब थेंब स्फुरद सोडायला सुरुवात केली. दगडांवरचं शेवाळ वाढलं, किडे वाढले आणि ग्रेलिंग नावाचा ट्राउटचा भाऊबंद मासाही भराभर वाढू लागला. पण पुढे आठेक वर्षांनी वेगळंच घडलं. तळावर हिरव्या मॉसची दाट गादी पसरली आणि नदीचं रूपच पालटलं. खताचा परिणाम पहिल्या वर्षी जो दिसतो, तोच कायम राहील असं नाही, हे त्यातून कळलं.

आणि सावलीतल्या ओढ्यात खत घातलं तर? उत्तर कॅलिफोर्नियातल्या काही ओढ्यांवर २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. तिथे काही ठिकाणी पाण्यात मेलेले सॅल्मन मासे टाकले. सॅल्मन समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदी चढून येतो आणि तिथेच मरतो, म्हणजे हे समुद्राकडून येणारं निसर्गाचं खतच. दुसरीकडे काठची झाडं काढून पाण्यावर ऊन येऊ दिलं. जिथे ऊन आलं तिथले ट्राउट जास्त वाढले. नुसत्या खताचा मात्र तसा काही फरक दिसला नाही. कारण तिथे कमी होता तो उजेड!

घरी दहा जणांचा चहा करायचा आहे. दूध लिटरभर आहे, साखर डबाभर आहे, पण चहापूड एकच चमचा उरली आहे. किती चहा होईल? साखर आणखी आणून उपयोग आहे का? जी वस्तू सगळ्यांत कमी, तीच शेवटी माप ठरवते. ओढ्याचंही हेच आहे. कुठे स्फुरद कमी, कुठे ऊन कमी, तर कुठे पानं कमी. आधी काय कमी आहे ते ओळखायला हवं.

"मग सगळी झाडं तोडून टाकावीत का?" असं विचाराल, तर थांबा! एखाद्या ठिकाणी थोडं ऊन येऊ देणं वेगळं आणि काठ सपाट करणं वेगळं. काठ उघडा झाला की पानांची भाकरी बंद, वरून पडणारे सुरवंट बंद, मुळांनी धरलेली माती पाण्यात, आणि पाणी तापलेलं. हे तापणं ट्राउटला किती महागात पडतं, ते आता बघू.

थंडावा आणि राहायला जागा

ट्राउटचं शरीर पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. ब्राउन ट्राउटला भरपूर खायला मिळत असेल, तर १३ अंश सेल्सिअसच्या आसपास तो सर्वांत चांगला वाढतो. पाणी १९-२० अंशांवर गेलं की त्याचं खाण्यातलं लक्ष उडतं आणि २५ अंशांच्या आसपास जिवावर बेततं. पण खरी मेख पुढे आहे. पाणी तापलं की शरीराचा रोजचा खर्च वाढतो. खाणं कमी आणि खर्च जास्त, मग वाढ कुठून होणार? म्हणून गरीब ओढ्यातल्या अर्धपोटी माशाला श्रीमंत नदीतल्या माशापेक्षा अधिक थंड पाणी लागतं. काठच्या झाडाची सावली त्याचा खर्च वाचवते.

जागेचाही प्रश्न असतोच. ट्राउट दिवसभर पोहत शिकार शोधत नाही. तो दगडाआड संथ पाण्यात उभा राहतो आणि शेजारच्या जोरदार धारेतून वाहत येणारा किडा झटकन टिपतो. कमी श्रमात जास्त घास! अशा मोक्याच्या जागा थोड्याच असतात आणि त्यांसाठी भांडणं होतात. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ब्लॅक ब्रोज बेक नावाचा ओढा आहे. तिथे जे. एम. एलियट यांनी १९६६ पासून पंचवीसहून अधिक वर्षं ट्राउटची पिल्लं मोजली. अंडी जास्त म्हणजे मासे जास्त, असं होतच नव्हतं. पिल्लं वाळूतून वर आली की पहिल्या काही आठवड्यांतच जागेसाठी झुंज लागे आणि जागा न मिळालेली बहुतेक पिल्लं मरून जात.

मग जागा वाढवल्या तर? अमेरिकेत एके काळी ओढ्यात पडलेले ओंडके 'अडथळा' म्हणून काढून टाकत असत. पुढे लक्षात आलं, की ओंडक्यामुळे पाणी अडतं, डोह तयार होतो आणि मासे तिथे आसरा घेतात. कोलोरॅडो राज्यातल्या सहा ओढ्यांत मुद्दाम ओंडके आडवे टाकून पाहिले. डोह झाले, मोठे मासेही वाढले. पण नीट तपासल्यावर कळलं, की त्यांतले बरेचसे मासे दुसरीकडून राहायला आले होते. प्रत्येक मासा आधीपेक्षा जास्त वेगाने वाढत होता, असं काही नव्हतं. घरात खोल्या वाढवल्या, पाहुणे आले, पण स्वयंपाक तेवढाच! ओंडका आसरा देतो. जेवण मात्र काठावरूनच यावं लागतं.

पाहुणा जड होतो तेव्हा

होरोनाइ ओढ्यावर परत एकदा जाऊ. रेनबो ट्राउट हा जपानचा मासा नव्हे, तिथेही तो पाहुणाच. कोल्डन बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ओढ्याच्या काही भागांत हा पाहुणा सोडला आणि काय होतं ते पाहिलं. २००४ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. रेनबो ट्राउट चपळ आणि दांडगा. वरून पडणारे किडे तोच मटकावू लागला. बिचाऱ्या डॉली वार्डनला तळाचे किडे खावे लागले. तळाचे किडे कमी झाले, म्हणून पंख फुटून बाहेर उडणारे किडे कमी झाले. आणि शेवटी काठच्या झुडपांत जाळी विणणारे कोळी निम्म्याहूनही कमी झाले! पाण्यात एक मासा सोडला आणि जंगलातला कोळी उपाशी राहिला.

म्हणून 'ट्राउट वाढवा' एवढंच म्हणून भागत नाही. काश्मीरमध्ये, हिमाचलात ट्राउटमुळे गावकऱ्यांना रोजगार मिळतो, गळाने मासे धरायला लांबून हौशी लोक येतात, हे खरं. पण त्या ओढ्यांत आधीपासून राहणारे स्नो ट्राउट नावाचे आपले मासेही आहेत. नावात ट्राउट असलं, तरी ते कुळाने कार्प, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे नातेवाईक. गरीब ओढ्यातलं ताट मुळातच लहान. त्यात नवं पान मांडताना जुन्याचा घास जातो का, हे बघायला नको का?

आपल्या ओढ्याचं ताट

आपल्याकडे ट्राउट नसला, तरी डोंगरातले ओढे आहेत, देवरायांतले झरे आहेत. तिथेही पानं गळतात आणि झाडांवरून किडे पडतात. पावसाळा संपून पाणी निवळलं, की सुट्टीच्या दिवशी आईबाबांना किंवा शिक्षकांना सोबत घेऊन हे करून पाहा. पूर आलेल्या ओढ्यात किंवा खोल डोहात मात्र चुकूनही उतरू नका.

१. उथळ पाण्यातला एक गोटा अलगद उचला. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात तो हलकेच विसळा. किती हलणारे जीव दिसतात ते मोजा. पाहून झालं की जीव आणि गोटा जिथल्या तिथे ठेवा.

२. कांद्याच्या जाळीदार पिशवीत मूठभर वाळकी पानं भरा. तेवढीच पानं पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधा. दोन्ही पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी काढून पाहा. जाळीतून किडे आत जाऊ शकतात, फडक्यातून नाही. कुठली पानं जास्त कुरतडली गेली? पिशव्या परत आणायला विसरू नका.

३. काठच्या झाडाखाली जुनी पांढरी चादर तासभर अंथरा. त्यावर काय काय पडलं, याची यादी करा. तशीच चादर उघड्या काठावर अंथरा आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहा.

पालकांनाही एक विनंती. गावात ओढ्याचं 'सुशोभीकरण' निघतं, तेव्हा बहुतेक वेळा काठची झुडपं साफ होतात, पडलेले ओंडके उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती येतात. ओढा स्वच्छ दिसतो खरा. पण त्यातल्या माशांच्या, खेकड्यांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीतरी विचारायला हवा. मुलांनी केलेल्या त्या दोन याद्या सोबत नेल्यात, तर उत्तर द्यायला सोपं जाईल.